स्वाना जिंकायला जायची

स्वानाला निवांत बसलेलं पाहिलंय असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आइसलँडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ब्रेकुविकमध्ये शोधून सापडायचा नाही. चर्चमध्येसुद्धा ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची आणि प्रवचन लांबलं की हळूच सटकून कॉफीचे कप मांडायला घ्यायची. घरी सगळे टेबलाशी जेवत, ती ओट्याशी उभी राहून. फोनवर बोलताना एका हाताने खिडकी पुसणं चालू. विणकामही धक्क्यावर चालता चालता. लोकरीचा गोळा काखेत, सुया बोटांत आणि नजर कुणाची होडी परत आली याच्यावर. तिचा नवरा इंगीमुंदुर म्हणायचा, "हिच्या शवपेटीला चार खिळे जास्तच ठोका, नाहीतर उठून खड्डा नीट करत बसेल." बिचारा तोच आधी गेला. उभा जन्म समुद्राने त्याला हात लावला नाही, आणि गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या हौदात हवामानावर बोलता बोलता त्याचं हृदय थांबलं. तेव्हापासून स्वाना हौदात उतरत नाही. तलावात पोहते मात्र रोज, आणि तेही कुणीतरी पाठीस लागल्यासारखी.

शाळा सुटली त्याच उन्हाळ्यात ती मासळीच्या कारखान्यात लागली. खालून उजेड सोडलेली काचेची टेबलं असत. त्यांवर कॉड माशाचे सोललेले तुकडे येत, आणि बायकांनी सुरीच्या टोकाने त्यातले काटे आणि किडे उचलायचे. गारठ्याने बोटं बधिर, पाठ वाकलेली, कानात यंत्रांचा खडखडाट. त्या खडखडाटातही स्वाना शेजारणीच्या सासूची नक्कल करून अख्ख्या रांगेला हसवायची. कारखान्याशिवाय आपलं आयुष्य असू शकतं असा विचार तिच्या डोक्याला कधी शिवलाच नाही.

आमच्या भाषेत एक गंमत आहे. काम करणं आणि जिंकणं, दोन्हीला एकच शब्द: विन्ना. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस विन्ना करायला जातो, आणि बुद्धिबळात शेजाऱ्याला चीत करणाराही विन्नाच करतो. आम्ही शेजाऱ्याला हरवत नाही, सरळ शेजाऱ्यालाच जिंकतो, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. घोटाळाही होत नाही, कारण कोण डबा घेऊन निघालंय आणि कोण पटापुढे बसलंय हे दिसतंच की! स्वानाच्या बाबतीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ तसा कोराच राहिला. तिने आयुष्यात जिंकलं म्हणावं असं एकच: ख्रिसमसच्या सोडतीत तिला एकदा स्वेटर लागला. तो तिनेच विणून सोडतीला दिलेला होता.

ती नवी नवरी होती तेव्हा समुद्रावर भांडण पेटलेलं होतं. इंग्रजांचे ट्रॉलर, म्हणजे जाळी ओढणारी मोठी जहाजं, आमच्या किनाऱ्यालगत येऊन कॉड ओढून नेत. आमच्या सरकारने समुद्रावर रेघ मारली, मग ती आणखी लांब सरकवली, आणि रेघेच्या आत शिरेल त्याची जाळी कापायला गस्तीची राखाडी जहाजं सोडली. इंगीमुंदुर त्यातल्या एकावर खलाशी होता. कापायचं अवजार पाण्यात सोडायचं, ट्रॉलरच्या मागून जहाज आडवं काढायचं, तार तुटली की मासळीने भरलेलं जाळं तळाला. पलीकडच्या डेकवरून कोळसे आणि बटाटे यायचे. त्यातला एक बटाटा भुवईवर बसला त्याची खूण इंगी सगळ्यांना हौसेने दाखवायचा. पण एक गोष्ट त्याने फक्त स्वानाला सांगितली होती. एकदा तार तुटली तेव्हा समोरच्या डेकवर त्याच्याच वयाचा एक पोरगा होता. तो शिव्या देत नव्हता, काही फेकत नव्हता, नुसता बघत होता. "त्यापेक्षा बटाटा बरा," इंगी म्हणाला होता.

मग रेघेच्या आतला सगळा मासा आमचा झाला. झेंडे लागले, भाषणं झाली. पुढे त्या माशाचे हिस्से पडले, हिस्से होडीमालकांच्या नावावर चढले, आणि होडीमालकांनी ते लांबच्या बड्या लोकांना विकून टाकले. ब्रेकुविकच्या नाकासमोरून मासा पोहत जायचा, पण त्याला पकडायचा हक्क गावात कुणाकडे उरला नाही. होड्या गेल्या आणि त्यांच्यामागून कारखान्याचं दार बंद झालं. त्या दिवशी स्वाना घरी आली आणि आधीच स्वच्छ असलेली कपाटं तिने दुपारभर पुन्हा स्वच्छ केली. तिची बोटं टीव्ही बघतानासुद्धा मांडीवर काटे वेचत राहायची.

एकुलती एक लेक सोल्वेग परिचारिका होऊन इंग्लंडला गेली ती हल शहरातच राहिली. लग्न केलं स्टुअर्टशी. त्यांची मुलगी ऊना आता चार वर्षांची. दर रविवारी फोनच्या पडद्यावर नात यायची, "हॅलो अम्मा" म्हणायची, आणि संपलं. आजीला आम्ही अम्मा म्हणतो, आमच्या भाषेतला तेवढा एक शब्द पोरीला येत होता. अम्माला इंग्रजी येत नव्हतं. मग दोघी एकमेकींकडे बघून हसत राहायच्या, आणि फोन बंद झाला की स्वाना घरभर येरझाऱ्या घालायची. आपलंच रक्त, आणि बोलायचं म्हटलं तर परक्याच्या पोरासारखं नुसतं हसायचं! तिला ते सहन होत नव्हतं.

वसंतात सोल्वेगचा फोन आला. "आई, ऊनानं दर उन्हाळ्यात तुझ्याकडे राहावं असं माझ्या मनात आहे. सुट्टी संपेपर्यंत आपली भाषा बोलायला लागेल बघ. पण सगळं डेरेकच्या हातात आहे गं."

डेरेक म्हणजे स्टुअर्टचा बाप, स्वानाचा व्याही. आईबाप दोघं कामावर, म्हणून ऊनाला सांभाळायचा तोच. तिच्या वेण्या घालायचा, पावसात बदकं दाखवायला न्यायचा. आणि हाच डेरेक तरुणपणी ट्रॉलरवर होता. रेघ सरकली आणि त्याचं जहाज भंगारात गेलं, गल्लीतले सगळे बाप एका वर्षात घरी बसले. मुलाने आइसलँडची मुलगी केली तेव्हा तो लग्नाला आला, जेवला मात्र नाही.

"बायको गेल्यापासून त्याला ऊनाशिवाय कुणी नाही. त्याचं मन मोडून स्टुअर्ट काही करायचा नाही," सोल्वेग म्हणाली. "जूनमध्ये आम्ही सगळे येतोय. तोही येतोय, हेच नशीब. आई, तुझ्या पाया पडते, त्या जुन्या दिवसांचं नाव काढू नकोस. त्याला तू बरी वाटलीस तर ऊना तुझी, नाहीतर पुन्हा तोच रविवारचा फोन."

फोन ठेवून स्वाना तडक बोझेनाच्या दारात उभी राहिली. बोझेना पोलंडची. कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलाला होती, आणि बंद झाल्यावरही गाव सोडून गेली नव्हती. तिचं इंग्रजी दहा देशांच्या कामगारांत वावरून झालेलं, म्हणजे धावतं पण जरा लंगडत.

"मला इंग्रजी शिकव," स्वाना म्हणाली.

"कधीपासून?"

"आत्ता. बूट घाल, चालता चालता बोलू."

रोज धक्क्यावर फेऱ्या सुरू झाल्या. बाकी शब्द स्वानाने पटापट उचलले. घोडं अडलं ते जिंकण्याहरण्यापाशी, कारण ऊनाशी पत्ते खेळायचं तिने ठरवलं होतं आणि ते शब्द तिला हवे होते.

"नीट ऐक," बोझेनाने बजावलं. "खेळ असला, बक्षीस असलं, तर विन. समोर माणूस असला तर बीट. मोठी लढाईबिढाई असली तर डिफीट. पगार अर्न करायचा. आणि तू हातातल्या त्या केकवर अशीच तुटून पडलीस तर वजन गेन करशील."

"बीट म्हणजे तर बडवणं. मी शब्दकोशात बघितलंय."

"बडवणं पण, हरवणं पण."

"चार वर्षांच्या नातीला मी 'तुला बडवलं' म्हणू?"

"अगं स्वाना, ते सगळे तसंच म्हणतात!"

"म्हणू देत. डिफीट तर पायाचं दुखणं वाटतं. मी आपली विनच म्हणणार. विन माझ्या ओळखीचा आहे."

बोझेनाने कपाळावर हात मारला. ओळखीचा होता हीच तर पंचाईत होती. आमच्याकडे 'मी काम करते' म्हणायचं तर 'एग विन्न'. इंग्रजी विन कानाला हुबेहूब तोच. काम करण्याला इंग्रजीत वर्क म्हणतात हे स्वानाला माहीत नव्हतं असं नाही. पण वेर्क म्हणजे आमच्याकडे कळ, ठणका. धीमेपणाने बोलताना तिला ते आठवायचं. घाईत जिभेवर यायचा तो विन. आणि स्वाना घाईत नाही असं कधी झालंय?

जूनमध्ये पाहुणे आले. भाड्याच्या गाडीतून डेरेक उतरला, उंच, खांद्यात झुकलेला, हात खिशात. आमचा किनारा त्याने उमेदीत पुष्कळ पाहिला होता, पाय पहिल्यांदाच ठेवत होता. डोंगराकडे बघून तो मुलाला म्हणाला, "आम्ही हा समुद्रावरून बघायचो. पलीकडून बरा दिसतो." आणि आत जाऊन खुर्चीच्या टोकावर बसला, जणू बसची वाट बघत होता. स्वानाने त्याच्यासमोर कॉफी ठेवली, पॅनकेक ठेवले, साखर ठेवली, साखर थोडी उजवीकडे सरकवली, पुन्हा डावीकडे सरकवली. 

संध्याकाळी तिने पत्ते काढले. आमच्याकडे मुलं 'मच्छीमार' नावाचा खेळ खेळतात. समोरच्याकडे पत्ता मागायचा, नसला तर ढिगातून 'मासा' काढायचा. स्वाना ओट्याशी उभी, ऊना समोर स्टुलावर. पोरीला खेळ चटकन कळला. शेवटचा जोड लागल्यावर स्वाना टाळी वाजवून इंग्रजीत ओरडली, "ऊना, मी तुला जिंकलं!"

ऊना खिदळली आणि तसंच म्हणाली, "अम्मा, मी तुला जिंकलं!"

"हरवलं म्हण, ऊना," डेरेक वर्तमानपत्राआडून म्हणाला. "खेळ जिंकतात, माणसाला हरवतात. माणसाला जिंकत नाहीत." तो बोलला नातीशी, पण सुनावलं कुणाला ते सोल्वेगला कळलं. स्वानाला नाही कळलं. ती पुढचा डाव पिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला उकडलेला मासा आणि बटाटे एकत्र घोटून केलेलं आमचं नेहमीचं होतं, आणि राय धान्याचा काळा पाव. डेरेकने पहिला घास सावधपणे घेतला, दुसरा जरा मोठा घेतला. स्वानाचा जीव भांड्यात पडतोय तोच ऊनाने दुधाचा पेला स्वतःच्या अंगावर ओतला आणि सोल्वेग तिला घेऊन न्हाणीत गेली. टेबलाशी उरले डेरेक आणि स्टुअर्ट, आणि ओट्याशी स्वाना. दुभाषी कुणी नाही.

"बसा ना हो बाई," डेरेक म्हणाला. त्याने आपणहून टाकलेला तो पहिला शब्द. "तुम्ही उभ्या आणि आम्ही हादडतोय, बरं दिसत नाही."

स्वानाला एवढा आनंद झाला की धक्क्यावरचे सगळे शब्द एकदम तोंडाशी गोळा झाले. "नाही नाही! मी नाही बसत. मी जिंकते. लहान होते तेव्हापासून जिंकते. रोज सकाळी जिंकते!"

स्टुअर्टला ठसका लागला.

"असं?" डेरेक म्हणाला. "आणि तुमचे मिस्टर?"

मिस्टरांची चौकशी केली! स्वाना हातातली पळी विसरून बोलत सुटली. "माझा नवरा पण! समुद्रावर जिंकायचा. मोठं राखाडी जहाज! थंडी, वारा, तरी जिंकायचा. फार जिंकला, फार." तिने छातीवर हात ठेवला. "म्हणून हे थांबलं. आता कारखाना बंद. मी जिंकत नाही. घरी नुसती. वाईट, फार वाईट. पण ऊना येईल! मी ऊनाला जिंकीन. दिवसभर ऊनाला जिंकीन. मग मी सुखी."

डेरेकने काटा खाली ठेवला. तो हळूहळू उभा राहिला, आणि त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली.

"पोरगी म्हणजे काय जत्रेतलं बक्षीस आहे?" तो म्हणाला. "माझं जहाज घेतलंत. आमची गल्लीच्या गल्ली बसवलीत. मी काही बोललो? जेवायला बसलो तुमच्याकडे, बटाटे खाल्ले! आणि तुम्ही माझ्या तोंडावर सांगता, जिंकलो म्हणून, आणि आता नातही जिंकणार? स्टुअर्ट, मी ऊनाला घेऊन जातोय. ती इथे राहणार नाही, या उन्हाळ्यात नाही की कुठल्याच नाही."

दार आपटलं. स्वाना पळी हातात धरून तशीच राहिली. तिला शब्द कळले नव्हते, पण चेहरा वाचायला कोश लागत नाही.

सोल्वेग धावत आली. स्टुअर्टने खालच्या आवाजात तिला सगळं सांगितलं. "आई! काय बोलून बसलीस?"

"काही नाही गं! मी काम करते म्हटलं. तुझे बाबा काम करायचे म्हटलं. ऊनासाठी काम करीन म्हटलं!"

"कुठल्या शब्दानं?"

स्वानाने तो शब्द सांगितला. सोल्वेग मटकन खाली बसली. आधी तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. "अगं, तू त्याला सांगितलंस की तुम्ही सगळे आयुष्यभर जिंकत आलात. बाबा गस्तीच्या जहाजावर बसून जिंकले. आणि आता ऊना जिंकणार."

स्वाना पांढरीफटक पडली. "मग जा, सांग त्याला!"

"मी सांगितलं तर त्याला वाटेल मी सारवासारव करतेय. माझं तो ऐकायचा नाही."

स्वानाने एप्रन सोडला नाही, कोट घेतला नाही, तशीच निघाली. रस्त्यात बोझेना अंगणात कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "काय झालं गं?" स्वाना चालता चालता ओरडली, "विन झालं!"

डेरेक धक्क्यावर होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता आणि परत येत होता, जशी ती रोज करते तशीच. शेवटी तो बंद कारखान्यापाशी थांबला आणि धुळकट काचेला हाताचा आडोसा करून आत डोकावला. काचेची टेबलं आत एकावर एक रचून ठेवलेली होती.

स्वाना धापा टाकत शेजारी उभी राहिली. त्याने वळून पाहिलं नाही.

"इथेच जिंकत होता का तुम्ही?" त्याने विचारलं. आवाजात धार होती.

"नाही." तिने डोळे मिटले आणि शब्द शोधला. आपला खांदा दाबला, मानेपासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "हे. वेर्क. वर्क! वर्क, वर्क. आमचा शब्द एकच. काम, जिंकणं, एकच शब्द. मी काम केलं. नवऱ्यानं काम केलं. ऊनासाठी मी काम करीन. स्वयंपाक. मोजे. मी मूर्ख!"

डेरेक तिच्याकडे बघत राहिला. ती आपला खांदा अजून दाबूनच होती. नकळत त्याचा हात स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला. जाळी ओढून ओढून त्याचाही तोच खांदा कामातून गेलेला होता.

"कामाला आणि जिंकण्याला एकच शब्द?" तो म्हणाला. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माहीत नाही. जुनं."

तो जरा निवळल्यासारखा वाटला. इथेच थांबायला हवं होतं. सोल्वेगने बजावलं होतं तेही हेच. पण डेरेकच पुन्हा बोलला, समुद्राकडे बघत.

"म्हणजे तुमचा नवरा गस्तीच्या जहाजावर कामाला होता. आमची जाळी कापायच्या."

"होय."

"मग खरं सांगा. जिंकलात ना तुम्ही?"

स्वानाने खांद्यावरचा हात काढला. हा प्रश्न कशाचा आहे ते तिला कळलं. नाही म्हणावं, माहीत नाही म्हणावं, इंग्रजी येत नाही म्हणून हसावं. काहीही केलं तरी ऊना वाचली असती. पण या माणसाच्या तोंडावर खोटं बोलून त्याची नात घ्यायची, हे तिला जमेना. ती बोझेनाचा नियम आठवू लागली. समोर माणूस असला तर. ज्या शब्दाची तिला भीती वाटायची तोच शब्द तिने सावकाश, एकेक अक्षर धरून उच्चारला.

"बीट," ती म्हणाली. "आम्ही तुम्हांला हरवलं."

डेरेकने कठड्यावर बोटं आपटली. 

"आमच्याकडे कुणी कधी असं म्हणालं नाही," तो म्हणाला. "साहेबलोक म्हणाले करार झाला. तडजोड झाली. मला घरी बसवलं आणि म्हणाले, तडजोड झाली. हरलो म्हणून कुणी सांगितलं असतं तर निदान रडता आलं असतं."

त्यातलं स्वानाला निम्मंच कळलं, पण रडणं कळलं. तिने कारखान्याच्या दारावरचं कुलूप ओढून दाखवलं. "मग आम्हांला पण. मासा विकला. मोठे लोक. होड्या गेल्या. आम्हांला पण हरवलं." थोडं थांबून तिने दुसरी गोष्टही सांगून टाकली, कारण आता अर्धवट ठेवण्यात अर्थ नव्हता. "माझा नवरा म्हणायचा, तार तुटली, एक पोरगा उभा. ओरडला नाही. नुसता बघितला. नवऱ्याला मरेपर्यंत दिसायचा तो."

डेरेकने नाक शिंकरलं. "तो मी नव्हे," तो म्हणाला. "मी बटाटे फेकत होतो."

"बटाटे!" स्वानाने झटकन भुवईवर बोट ठेवलं. "नवऱ्याला एक लागला! इथे!"

"लागला ना? झकास!" म्हणून डेरेक हसला, आणि हसल्याचं लक्षात येताच खोकल्याचं सोंग करून परत फिरला.

घरी येऊन त्याने थंड झालेलं ताट पुढ्यात ओढलं आणि संपवलं. ऊनाला घेऊन निघून जायचं मात्र पुन्हा बोलला नाही. उन्हाळ्याचंही काही बोलला नाही. सोल्वेगने दोनदा विषय काढून पाहिला, तो म्हणाला, "बघू." उरलेले दिवस स्वानाने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. तिने पडदे धुतले, जिना घासला, स्टुअर्टचे न फाटलेले मोजे रफू केले. डेरेक बाहेर गेला की खिडकीशी, आत आला की ओट्याशी. त्याची नातीवरची माया ती बघत होती. सकाळी तो पोरीच्या वेण्या घालायचा, जाड बोटांनी, जाळ्याची गाठ मारावी तशा, आणि त्या संध्याकाळपर्यंत सुटायच्या नाहीत. या माणसापासून पोर तोडायची? स्वानाला स्वतःचीच लाज वाटायची, आणि दुसऱ्या क्षणी ऊना "अम्मा" म्हणून एप्रनला लोंबकळली की लाजबीज पार विसरायची.

निघायचा दिवस उजाडला. बॅगा दारात, स्टुअर्ट गाडीत सामान भरतोय. ऊनाने हट्ट धरला की एक डाव तरी खेळायचाच, आणि या वेळी आजोबांशी. डेरेक टेबलाशी बसला. स्वाना ओट्याशी, पुसलेलं पुन्हा पुसत.

"तुमच्याकडे सत्ती आहे, आजोबा?"

"नाही. जा, मासा पकड."

ऊनाने ढिगातून पत्ता ओढला, डोळे मोठे केले, आणि जोड आपटून स्टुलावर उभी राहिली. "जिंकलं! आजोबा, मी तुम्हांला जिंकलं!"

स्वानाचा हात फडक्यावर थांबला. दारात सोल्वेग थांबली. चूक नातीच्या तोंडी होती, पण ती आली कुठून हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डेरेकने तोंड उघडलं. हरवलं म्हण, हे त्याच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. त्याने नातीकडे पाहिलं, मग ओट्याकडे. ओट्याशी उभी असलेली बाई श्वास धरून फडकं पिळत होती.

"जिंकलंस गं," तो म्हणाला. "केव्हाच जिंकलंस."

मग पत्ते गोळा करत, वर न बघता, तो पुढे बोलला, "जुलैत शाळा सुटली की आणून सोडतो हिला. पण दर उन्हाळ्यात मीही येणार. कुणीतरी इंग्रजी सांभाळायला हवं, तुमच्या हातात दिलं तर वाट लागेल."

सोल्वेगने भाषांतर करायला तोंड उघडलं, पण स्वानाने हाताने तिला गप्प केलं. तिला सगळं कळलं होतं. तिने फडकं खाली ठेवलं, टेबलाची तिसरी खुर्ची मागे ओढली आणि बसली.

"मला पण वाटा पत्ते," ती म्हणाली.